उत्पन्न विचारणारी बाई

माझ्या टेबलासमोर येऊन बसलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न उत्पन्नाचा कधीच विचारला नाही. तो विचारला की माणूस एकतर रडतो, नाहीतर खोटं बोलतो, आणि दोन्हींत सकाळ वाया जाते. मी विचारायची, "काल संध्याकाळी घरी काय केलं होतं जेवायला?" या प्रश्नाची तयारी करून कुणी येत नाही. तेवढ्या उत्तरात मला निम्मं घर दिसायचं.

धुळ्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी वैद्यकीय समाजसेविका होते. खोलीबाहेरच्या पाटीवर तसंच लिहिलेलं होतं, पण त्या पाटीचा कुणाला उपयोग झाल्याचं मला आठवत नाही. वॉर्डातल्या मावशी नातेवाइकांना सांगायच्या, "तठे कोपराले जा, दाखलावाली बाई बसस." निवृत्त होऊन आता थोडे दिवस झाले, तरी देवपुरातल्या भाजीबाजारात कुणीतरी मागून हाक मारतंच, "ओ दाखलावाली ताई!" आणि मेथीची जुडी निवडत असताना विचारतं, की सासऱ्यांचं कार्ड केशरी आहे, तर चालेल का.

काम काय होतं ते आधी सांगते. धर्मादाय दवाखान्यांना काही खाटा गरिबांसाठी राखून ठेवाव्या लागतात. त्यातही दोन पायऱ्या. पहिली निर्धनांची, त्यांना उपचार फुकट. दुसरी दुर्बलांची, त्यांना बिलात सवलत. दोन्हींना वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा असते, आणि सरकार ती मधूनमधून वाढवतं. एक रुपया खाली असलात तर निर्धन, एक रुपया वर गेलात तर दुर्बल, आणखी थोडे वर सरकलात की थेट शेठ. समोरचा माणूस रेषेच्या कुठल्या बाजूला आहे हे कागद पाहून ठरवायचं आणि दवाखान्याच्या समितीपुढे ठेवायचं, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं आहे.

नोकरदाराचं खरोखरच सोपं असतं. पगाराची चिठ्ठी बघितली की झालं. पण आमच्या खानदेशात चिठ्ठीवाली माणसं किती? कपाशीवाल्याला विचारा, वर्षाचं उत्पन्न किती, तर तो विचारणार, "कोणत्या वर्षाचं?" यंदा बोंडअळी, गेल्या साली भाव पडलेला, त्याआधीच्या साली बरं होतं पण ते घराच्या पत्र्यात गेलं. रिक्षावाला दिवसाचा गल्ला सांगतो, त्यातून गॅसचे आणि मालकाचे वजा करत नाही. ज्याचं हातावर पोट त्याला 'वार्षिक' हा शब्दच परका.

बरं, उत्पन्न सापडलं तरी ते कुणाकुणाचं धरायचं? नियमात 'कुटुंब' असा शब्द आहे. रेशन कार्डावर आठ नावं, त्यातला एक भाऊ सुरतेला साड्यांच्या कारखान्यात, एक सून माहेरी निघून गेलेली, एक म्हातारी देवाघरी गेलेली पण नाव अजून कमी केलेलं नाही. मी आपली एक साधी खूणगाठ बांधून ठेवली होती. एका चुलीवर जेवतं ते कुटुंब. त्यामुळे गृहभेटीला गेले की मी दिवाणखान्यात न बसता थेट स्वयंपाकघरात शिरायची. बायकांनी मला भोचक म्हटलं असेल. म्हणू देत.

फसवायला येणारे होतेच. एक गृहस्थ धुळ्यातल्या बऱ्यापैकी कॉलनीत राहणारे, पण दाखला मात्र अगदी काठाखालचा घेऊन आले. काल काय केलं होतं जेवायला, असं विचारल्यावर चेहरा पाडून म्हणाले, "काय करणार ताई, भाकर आणि ठेचा." मागे उभ्या असलेल्या बायकोला ते सहन झालं नाही. पाहुण्यांसाठी पुरण घालून दुपारभर खापरावर राबलेली बाई ती. म्हणाली, "कसाले खोटं बोलतस? काल मी मांडे करेल व्हतू ना!" मी हसू दाबलं आणि दाखला परत केला.

आणि उलट्या तऱ्हेचीही माणसं होती, ती मला जास्त छळायची. पाचकंदील भागात भाजी विकणाऱ्या एका आजींना मी हरप्रकारे समजावलं की उत्पन्न आहे तेवढंच सांगा. त्या दर वेळी फुगवून सांगायच्या. शेवटी म्हणाल्या, "कमी सांगं तं माले लाज वाटस वं माय." गरिबीचा दाखला मागायला जिगर लागते, हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. आता सरकारच्या आरोग्य योजनेत सगळ्या रंगांची रेशन कार्डं चालतात, त्यामुळे ही लाज थोडी कमी झाली, ते फार बरं झालं. तरी योजनेत न बसणारं काहीतरी निघतंच, आणि मग माणूस कोपऱ्यातल्या खोलीशी येतो.

तसेच भिलानाना आले होते. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणूनच खरं तर हा लेख लिहायला घेतला.

नाना भडगाव तालुक्यातल्या, गिरणाकाठच्या एका गावातले. साठीच्या अलीकडचे, उंच, बोलण्यात ऐट. तंबाखूने पायाची रक्तवाहिनी बंद होत आलेली, डाव्या पायाची बोटं काळी पडून त्यांना वास यायला लागलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, लवकर शस्त्रक्रिया केली तर पाय वाचेल, आठवडा काढला तर गुडघ्याखालून कापावा लागेल. आमचा दवाखाना त्या शस्त्रक्रियेसाठी सरकारी योजनेत नव्हता, आणि जो होता तिथली तारीख लांबची मिळत होती. राहिली धर्मादाय खाट. नाना माझ्यासमोर बसले ते छाती काढूनच. म्हणाले, "ताई, मी काय भिकारी नही शे. पन खाट मोफतनी भेटी तं बरं व्हई."

सोबत त्यांचा मुलगा योगेश होता. तिशी ओलांडलेला, भडगावला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला, हाताला कायम वार्निशचा वास. काल काय जेवलात याचं उत्तर त्यानेच दिलं, "खिचडी. परवा पण खिचडीच." मला वाटलं, सरळ प्रकरण आहे. मग त्याने तहसीलचा दाखला पुढे ठेवला आणि मी चक्रावले. दाखल्यावरचं उत्पन्न दुर्बलांच्या मर्यादेच्याही वर होतं.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. नाना धरून चौघे भाऊ. वाटणी होऊन कितीतरी वर्षं झाली, चुली वेगळ्या, वीजमीटर वेगळे, बांध वेगळे. पण वाटणी सगळी तोंडी. सातबाऱ्यावर अजून चौघांचं सामाईक क्षेत्र, आणि थोरले म्हणून नानांचं नाव सगळ्यात वर. खातेफोड, म्हणजे कागदावरची वाटणी, मुद्दामच केलेली नव्हती. आमच्याकडे ही रीतच पडली आहे. घरातल्या शेवटच्या मुलाला हळद लागेपर्यंत सातबारा फोडायचा नाही. कारण हल्ली शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळणं म्हणजे महाकठीण, आणि मुलीकडचे आधी सातबारा मागतात. दोन एकरांचा कागद पुढे केला तर चहासुद्धा न घेता उठतात. म्हणून चौघांचा मिळून एक भरदार कागद ठेवायचा आणि ज्याच्या मुलाचं स्थळ येईल त्याने तो मिरवायचा. बाकीच्या भावांची मुलं अशीच उजवली होती. उरला होता योगेश.

"अहो, पण तलाठी विचारायला आले तेव्हा तरी खरं सांगायचं ना," मी म्हटलं.

नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चावडीवर इचारं त्यासनी. तठे मध्यस्थ बठेल व्हता ना, ताई. बठ्ठं मनंच शे, आशे सांगं."

म्हणजे स्थळं जुळवणारा माणूस ऐकत होता, म्हणून या गृहस्थाने पाय जायची वेळ आलेली असताना भावांची सगळी जमीन आपली म्हणून सांगितली होती. मी डोक्याला हात लावला. चिडलेही. पण चिडून दाखला बदलत नाही. नवा दाखला मिळायला वेळ लागणार होता आणि पायाला वेळ नव्हता. वाट एकच होती. मी घर बघून यायचं, वेगळ्या चुलींचा अहवाल द्यायचा, भावांची लेखी जबानी जोडायची आणि समितीला विनंती करायची. मी मोठ्या डॉक्टरांशी बोलून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात जाते तर खाट रिकामी. नाना डॉक्टरांच्या हातापाया पडून, सही करून, एका दिवसासाठी गावी गेले होते.

गृहभेट न कळवता करायची हा आमचा नियम. आगाऊ कळवलं की भलीभली घरं रातोरात गरीब होतात. त्यामुळे मीही काही न कळवता निघाले, पारोळ्याला गाडी बदलली आणि दुपारपर्यंत गावात पोचले.

नानांचं घर शोधावं लागलं नाही. गल्लीत तेवढीच एक भिंत ताज्या गुलाबी रंगाची होती, आणि रंगही फक्त दर्शनी भिंतीला. दारात ट्रॅक्टर, त्याला हार. शेजारी दोन म्हशी. ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांच्या पाठीवर भडगावच्या मंडपवाल्याचं नाव. आतून उदबत्त्यांचा धूर येत होता. दारात वत्सलाअक्का, नानांची बायको, नवं लुगडं नेसून उभी होती. मला पाहताच तिचा चेहरा उतरला. हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही आजच उनात?"

आत पाहुणे बसले होते. चोपड्याकडचं स्थळ, घर बघायला आलेलं. मुलीचे वडील आणि मामा. त्यासाठीच नाना वॉर्डातून उठून आले होते. खाटेवर पाय पसरून बसलेले, पांढरंशुभ्र धोतर, टोपी, आणि भर उन्हाळ्यात पायांवर जाड शाल. ती शाल कशासाठी होती आणि एवढ्या उदबत्त्या कशासाठी, हे त्या खोलीत मला आणि घरच्यांनाच ठाऊक होतं.

परत फिरावं असं वाटलं, पण तेवढ्यात मामांनी विचारलं, "ह्या कोण?" नानांचा धाकटा भाऊ दगाभाऊ, ट्रॅक्टरचा खरा मालक, चटकन म्हणाला, "धुळ्याच्या ताई. आमच्या नात्यातल्याच." आणि मला खुर्ची पुढे केली. मी बसले. दुसरं काय करणार होते? मी कोण ते सांगितलं तर स्थळ मोडणार, आणि जे दिसतंय ते लिहिलं तर पाय जाणार. मी पोह्यांची बशी हातात घेतली.

मामा केळीवाले, तालेवार, बोलायला मोकळे. त्यांना काय वाटलं कोण जाणे, माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुम्ही नोकरीवाल्या दिसतात. तुम्हीच सांगा, घर कसं आहे? बाकीचे तर गोडच सांगतील."

उभा जन्म लोकांच्या गरिबीचे पुरावे मागण्यात घालवलेल्या बाईला आता श्रीमंतीची साक्ष द्यायला बसवलं होतं, तीही त्याच घराच्या. मी म्हटलं, "माणसं चांगली आहेत."

"माणसं तर आम्ही पण चांगली आहोत," मामा हसले. "वावर सांगा, वावर."

नानाच मध्ये पडले. "वावर बठ्ठं सातबारावर शे. दखी ल्या." आवाजात ऐट होती, पण कपाळावर घाम जमला होता. मी वॉर्डात हे दुखणं पुष्कळ पाहिलंय. रक्त पायापर्यंत पोचत नाही, म्हणून पाय आडवा ठेवला की जीवघेणी कळ येते. असे पेशंट रात्रभर पाय खाटेखाली लोंबता ठेवून बसतात, तेवढाच आराम. पण पाय खाली सोडला असता तर शाल सरकली असती आणि काळी बोटं दिसली असती. म्हणून हा माणूस घटकाभर पाय आडवा ठेवून, दात आवळून, पाहुण्यांशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारत होता.

योगेश चहाचे कप घेऊन आला होता. त्याने वडिलांकडे पाहिलं. हातातला ट्रे खाली ठेवला, खाटेशी गेला, शाल बाजूला केली आणि दोन्ही हातांनी तो पाय उचलून अलगद खाली सोडला. नानांच्या तोंडून सुस्कारा निघाला. खोलीत सगळ्यांनी ती बोटं पाहिली.

"मामा, ह्या ताई दवाखान्यातल्या आहेत," योगेश म्हणाला. "फुकटची खाट मागितली आहे आम्ही, म्हणून घर बघायला आल्या आहेत. वावर आमचं दोन एकर. ट्रॅक्टर काकांचा, म्हशी शेजारच्या."

सोयरीक जुळवताना सातबाऱ्याला मनातल्या मनात भागायचं असतं, हे मामांनाही माहीत असणार. त्यांच्या घरचाही सातबारा कदाचित तसाच असेल. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती पोराने सगळ्यांसमोर उघडली होती. इतका वेळ गप्प बसलेले मुलीचे वडील तेवढे म्हणाले, "दवाखान्यात कधी नेणार?"

"आजच," योगेश म्हणाला.

"न्या. उशीर नका करू."

मामांनी ट्रेमधला कप उचलून चहा संपवला, टोपी नीट केली आणि उठताना म्हणाले, "विचार करून कळवतो." या वाक्याचा अर्थ आमच्याकडे लहान पोरांनाही कळतो.

पाहुण्यांची गाडी गल्लीतून बाहेर पडली आणि नानांचा बांध फुटला. "कोनी सांगं व्हतं तुले तोंड उघडाले? मना पाय जाता तं जाता, तुना संसार तं उभा ऱ्हाता!" योगेश खुर्च्या एकावर एक रचत राहिला. मी स्वयंपाकघरात गेले, कारण माझं काम तिथे होतं. अक्काने न सांगता एकेक डबा उघडून दाखवला. ज्वारी तळाशी, तूरडाळ मूठभर, तेल बरणीच्या बुडाला. मला ते बघवेना. मी म्हटलं, "अक्का, राहू द्या, कळलं." ती म्हणाली, "दखा ना ताई. आते काय झाकनं शे?"

भावांनी जबान्या दिल्या, चुली मोजल्या, अहवाल झाला. नानांना भाड्याच्या गाडीत घालून संध्याकाळपर्यंत वॉर्डात आणलं. समितीने खाट मंजूर केली, शस्त्रक्रिया झाली, पाय वाचला. दोन बोटं गेली, ती तशीही जाणारच होती. सगळे जण माझं कौतुक करत होते आणि मला ते घ्यावंसं वाटत नव्हतं. बरे होईपर्यंत योगेश खाटेखाली चटई टाकून झोपायचा, बापाला उचलून संडासला न्यायचा, आणि नाना त्याच्याशी एक शब्द बोलत नव्हते. पाणी हवं असलं तरी मावशींना सांगायचे.

चोपड्याहून निरोप आला नाही. तो येणार नव्हताच. पण गोष्ट गिरणाकाठाने फिरली. फुकटच्या खाटेवर बाप झोपलेला, दोन एकरवाला मुलगा, अशी ओळख पडली आणि मध्यस्थाने त्या गल्लीत येणं सोडलं. पुढे चौघा भावांनी खातेफोडही करून घेतली. दगाभाऊ फोनवर म्हणाला, "आता कशासाठी ठेवायची, ताई?"

गरिबी मोजायची नियमांनी एक रीत घालून दिली आणि मी ती इमानाने पाळली. माणसाला त्याच कागदाने एका दारात गरीब आणि दुसऱ्या दारात श्रीमंत ठरायचं असतं, आणि दोन्हीकडे त्याची गरज खरी असते, हे मला नानांच्या घरी समजलं. समजूनही मला वेगळं काही करता आलं असतं असं वाटत नाही. पाय तर वाचवायलाच हवा होता.

नाना मला शेवटचे भेटले ते तपासणीला आले तेव्हा. माझ्या नोकरीचे थोडेच दिवस राहिले होते. डॉक्टर खूश होते, नाडी पायाच्या टोकापर्यंत लागत होती. योगेश औषधं घ्यायला गेला होता. नाना माझ्या खोलीशी येऊन उभे राहिले, काठी नाही, आधार नाही. मी म्हटलं, "वा नाना, चांगले चालायला लागलात की. रोज थोडं फिरत जा."

ते आपल्या पायाकडे बघत राहिले. बोलण्यात ती ऐट नव्हती.

"पाय तं वाचना, ताई," ते म्हणाले. "आते ह्या पायवर पोऱ्यासाठे कोना दारले जाऊ?"